मांडीच्या हाडाची चढाई

जरिना आमच्या मागच्या खोलीत राहायला आली तेव्हा पहिले चार महिने मला वाटत होतं, या मुलीचा घसा बसलाय. चिमूटभर मीठ मागायचं तरी दारात उभी राहून नुसते ओठ हलवायची. तिचे वडील रहिमानभाई उंब्रजच्या बाजारात बांगड्या विकतात. लेकीला सांगलीत मेडिकलला सोडून परत निघताना म्हणाले, "वैनी, पोरगी लय हुशार हाय, फकस्त बोलत न्हाई." मनात म्हटलं, बरं झालं. या घरात बोलणारी मी एकटीच पुरे आहे, असं आमच्या ह्यांचं मत आहे.

मग फेब्रुवारीत कॉलेजचे खेळ सुरू झाले. मैदान आमच्या कुंपणापलीकडेच. गच्चीवर कपडे वाळत घालत होते, तोच कर्ण्यातून एका मुलीचा आवाज आला, "वीरधवल चढाईला निघालाय. मेसमधल्या सहा चपात्या खाऊन आलाय, पाय उचलंना झालाय गड्याचा. अरं, रेषेला पाय लाव की, शॉक बसत न्हाई."

अख्खं मैदान हसत होतं. हातातला टॉवेल तसाच धरून मीही हसले. ही कोण बाई एवढी बिनधास्त, म्हणून कठड्यावरून वाकून बघितलं, तर टेबलापाशी माईक धरून आमची जरिना.

संध्याकाळी विचारलं, तर पुन्हा तेच ओठ हलवणं. "कॉमेंट्रीवाला पोरगा आलाच न्हाई काकू. माईक नुसता धरायला दिला हुता मला."

नुसता धरलेला तो माईक तिनं आठवडाभर सोडला नाही. कबड्डी झाली, रस्सीखेच झाली, रांगोळी स्पर्धेचीसुद्धा कॉमेंट्री झाली. रांगोळीत काय सांगत होती देव जाणे, पण गर्दी तिथंच जास्त होती.

एवढं करून अॅनाटॉमीच्या तोंडी परीक्षेत मात्र बाईसाहेब मुक्या. वर्षातल्या दोन्ही चाचण्यांत सरांनी हातात हाड दिलं आणि हिनं ते मुकाट्यानं परत केलं. वार्षिक परीक्षेत असंच केलंस तर नापास होशील, असं सरांनी बजावलं होतं. नापास म्हणजे बरोबरीची मुलं पुढच्या वर्षात जाणार आणि ही मागे राहणार. लिहायला सांगा, पानंच्या पानं भरेल. पण तोंडीत पास व्हावंच लागतं.

मग मीच सराव घ्यायला बसले. तिच्या अभ्यासाच्या हाडांची पिशवी स्वयंपाकघरात आणायची नाही ही माझी अट, त्यामुळं मांडीच्या हाडाच्या जागी लाटणं. मी चष्मा लावून दरडावलं, "हं, काय आहे हे?" तिनं लाटणं माझ्याकडं परत सरकवलं. दोन दिवस असेच गेले. तिसऱ्या दिवशी तव्यावरची पोळी करपायला लागली म्हणून मी पाठ फिरवली, तर मागून घडाघडा सुरू. वळले की बंद.

मी गॅस बारीक केला. "जरिना, कॉमेंट्री करताना कुणाकडं बघतेस?"

"खेळाकडं."

"लोकांकडं नाही?"

"आवं काकू, लोकांकडं बघितलं तर तोंडातनं शब्द निघंल व्हय?"

"मग सरांकडं कशाला बघतेस? ते प्रेक्षक. खेळ तुझ्या हातात असतो."

परीक्षेच्या दिवशी दुपारी आली ती थेट पायरीवर बसली. जेवायला उठेना.

"बोलली नाहीस ना?" मी विचारलं.

"बोलले."

"मग?"

"लय बोलले."

झालं होतं असं, की सरांनी मांडीचं हाड दिलं आणि हिनं त्याच्यावरची नजर काढलीच नाही. डावं की उजवं इथपासून जी सुरुवात केली, ती खुब्यापासून गुडघ्यापर्यंत, इंग्रजीत, न थांबता. बाहेरून आलेले परीक्षक दोनदा पुरे म्हणाले, ते हिच्या कानापर्यंत पोचलंच नाही. हाड संपलं तेव्हाच थांबली. आणि थांबता थांबता, प्रत्येक चढाई संपली की माईकवर म्हणायची सवय लागली होती, तेच मराठीत तोंडातून निसटलं, "गुणलेखकांनी नोंद घ्यावी."

मला हसू आवरेना, म्हणून मी तोंड फिरवलं. "मग परीक्षक काय म्हणाले?"

"हसलं बी न्हाईत," जरिना पायरीकडं बघत म्हणाली. "नुसतं पेनाचं टोपण काढलं आन् म्हनले, घेतली."

तिला वाटलं, वर्ष गेलं. निकाल लागेपर्यंत महिनाभर ती नापास झाल्यासारखी वावरत होती आणि मी पास झाल्यासारखी. निकाल माझ्या बाजूनं लागला. तोंडीचे गुण लेखीपेक्षा चार टक्क्यांनी जास्त होते.