राहू नको

माझ्या कामाबद्दल कुणी विचारलं की मी आधी त्याच्या तोंडाकडे बघते. ऐकायची तयारी दिसली तर सांगते, नाहीतर ‘विद्यापीठात आहे’ म्हणून मोकळी होते. काम असं आहे. पिकावर बुरशी पडू नये म्हणून शेतकरी औषध फवारतात. मातीतल्या काही बुरश्या त्या औषधाला सरावतात. तसली बुरशी श्वासातून एखाद्या अशक्त माणसाच्या फुफ्फुसात गेली तर ती दवाखान्यातल्या औषधालाही दाद देत नाही, कारण दोन्ही औषधं एकाच कुळीची. हा बदल तिच्या कोणत्या जनुकात झाला ते आम्ही शोधतो. गावोगावची माती आणायची, तिच्यातली बुरशी काचेच्या बशीत वाढवायची आणि बशीत औषध घालूनही जी वाढेल तिची जनुकं वाचायची. यात बोलायला कुणी लागत नाही. दिवसदिवस मास्क लावून बसलं की बोलताही येत नाही.

खोली शिक्रापूरला घेतली, कारण शिरूर आणि दौंड दोन्हीकडची गावं तिथून स्कूटीच्या टप्प्यात येतात. आमच्या मजल्यावर सगळे कंपन्यांमधले कामगार, बहुतेक उत्तरेकडचे. शिफ्टा वेगवेगळ्या, त्यामुळे समोरच्या दाराला एक तर कुलूप, नाहीतर आत कुणीतरी झोपलेलं. शेजारच्या बाईला मी एकदा हौसेनं सांगितलं, मी बुरशी वाढवते. ती म्हणाली, “दीदी, वो तो हमारी दीवार पर भी है.” आमची ओळख तेवढ्यावरच थांबली.

याला अपवाद एकच, राहू. दौंड तालुक्यातलं हे गाव. तिथल्या आप्पांच्या झेंडूत आणि कांद्यात मी दर महिन्याला माती घ्यायला जायची. पिशव्या भरायला फार वेळ लागत नाही, पण मी अख्खी दुपार काढायची. आप्पांच्या बायकोला मी मावशी म्हणायची. त्या मला लांबून बघूनच आत वर्दी द्यायच्या, “बुरशीच्या म्याडम आल्या गं!” मग पिठलं-भाकरी, आणि भाकरीबरोबर कुणाची सोयरीक मोडली, सोसायटीच्या निवडणुकीत कोण पडलं, कुणाची म्हैस आटली, हे सगळं. मला त्यातलं कुणीच माहीत नसायचं, तरी मी खोदून खोदून विचारायची. महिन्याचं माझं बोलणं त्या एका दुपारी व्हायचं. आमचे सर प्रयोगशाळेत चिडवायचे, “तुझ्या पत्रिकेतच राहू आहे.”

माझी नेमणूक दरसाल वाढवून मिळायची. मिळेलच असं मात्र नाही. गेल्या वर्षी दसऱ्याच्या तोंडावर ते ठरवायची बैठक होती आणि मी आप्पांच्या झेंडूत वाकून माती भरत होते. फोन वाजला. सरांचा मेसेज, नेहमीसारखाच कंजूष. “राहू नको.”

इतकी वर्षं राबले आणि निरोप दोन शब्दांचा! आधी संताप आला, मग रडू. मी तशीच बांधावर बसले. आप्पा फुलांची पाटी खाली ठेवून आले.

“काय झालं म्याडम? घरचं बरं हाय न्हवं?”

“घरी कुणी नाही, आप्पा. नोकरी गेली. जा म्हणाले.”

“जा म्हंजी कुठं?”

आईवडील गेल्यानंतर मी तो प्रश्नच टाळत आले होते. मावशी मागून आल्या, त्यांनी सगळं ऐकलं होतं. म्हणाल्या, “मंग हितं ऱ्हावा की. माडीवरची खोली मोकळीच हाय. तितं वाढवा काय वाढवायची ती बुरशी.”

रडता रडता मला हसू आलं. मला कुणी ‘राहा’ म्हटल्याला किती काळ लोटला होता कोण जाणे.

भांडायच्या तयारीनंच मी सरांना फोन लावला. ते आधी गोंधळले, मग हसतच सुटले. “अगं, तू नको असं कुठं म्हटलं मी? राहू नको, राहू! गाव! तुला वर्ष वाढवून मिळालंय.” राहूच्या मातीत औषधाला सरावलेली बुरशी एकदाही निघाली नव्हती. म्हणून यापुढे सगळा जोर शिरूरकडच्या गावांवर. “सुटलीस,” सर म्हणाले, “एवढ्या लांब हेलपाटा नको आता.”

“तुलनेसाठी म्हणून एखादी पिशवी, सर?”

“तुलनेला यवत गावची आधीच आणलेली पुरे.”

आनंद झाला, नाही असं नाही. पण फोन ठेवल्यावर मला पहिल्यापेक्षा जास्त रडू आलं.

“नोकरी हाय ना?” आप्पांनी विचारलं.

“आहे.”

“मंग रडताय कशापायी?”

“आता इथली माती नको म्हणतात.” आणि मी कारण सांगितलं.

आप्पा म्हणाले, “म्हंजी आमच्या मातीत खोट न्हाई, म्हनून तुमी यायचं न्हाई?”

“तसंच आहे.”

“लई शानी हायेत तुमची मान्सं,” म्हणून आप्पा हसले. मावशींना हसू आलं नाही. त्यांनी माझ्या रिकाम्या पिशवीत झेंडू भरला. म्हणाल्या, “काम नसलं म्हनून काय झालं? सनाला या. अशाच या.”

मी हो म्हणाले.

मातीच्या पिशव्या घेऊन मी कुणाच्याही दारात उभी राहते, मला संकोच वाटत नाही. पण काही काम नसताना, नुसतं भेटायला म्हणून कसं जायचं असतं, ते मला येत नाही. दसरा गेला, दिवाळी गेली. एका रविवारी मी खोलीत पडून होते आणि मावशींचा फोन आला, “कवा येताय?”

मी म्हणाले, काम फार आहे.