मामींचा पाऊण तास

घड्याळ या वस्तूचा इतका मनापासून राग करणारा माणूस आमच्या मामेसासऱ्यांखेरीज मी दुसरा पाहिलेला नाही. वास्तविक या गृहस्थांनी आयुष्याची चौतीस वर्षं बंगळुरूत यशवंतपूरच्या एका कारखान्यात भोंग्याच्या इशाऱ्यावर काढली. कदाचित त्याचाच हा सूड असेल. निवृत्तीच्या दिवशी कारखान्याने दिलेलं भिंतीवरचं घड्याळ त्यांनी पुढच्याच आठवड्यात शेजारच्या मुलीला लग्नात आहेर म्हणून देऊन टाकलं. किती वाजले असं विचारलं, तर "दूधवाला येऊन गेला, पेपर वाचून झाला, ऊन अजून तुळशीपाशी आलं नाही," एवढी माहिती ते देतात आणि त्यातून वेळ आपली आपण शोधून काढायची असते. आमच्या लग्नात गुरुजी मुहूर्तासाठी मनगटाकडे बघत उभे होते, तेव्हा हे मांडवाच्या कडेने मोठ्यांदा म्हणाले होते, "अहो, त्या यंत्राकडं काय बघायचं? पोरांची तोंडं बघा. शिजलीत की!" मी तेव्हा अंतरपाटामागे होतो. हे आपले कोण, एवढंच मनात आलं होतं. पुढे फार चांगलं कळलं.

माझ्या बायकोचं आजोळ हे बंगळुरूतलं जुनं मराठी घराणं. इतकं जुनं, की महाराष्ट्रातलं मूळ गाव कोणतं यावर मामा आणि त्यांच्या चुलतभावाचं अजून एकमत नाही. मी पुण्याहून नोकरीसाठी आलेला, इंदिरानगरला भाड्याने राहणारा आणि वर्षभर स्क्रीनकडे बघून डिसेंबरपर्यंत पार पिळून निघालेला माणूस. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आमचं ऑफिस बंद असतं. त्या आठवड्यात मला फक्त झोपायचं असतं. पण मामांच्या घरी दिवाळी डिसेंबरात येते. त्यांची एकुलती एक मुलगी परदेशात असते आणि तिला सुट्टी मिळते ती नाताळाची. खरी दिवाळी मामा एक पणती लावून उरकतात आणि कंदील, रांगोळी, नवे कपडे, माणसं हे सगळं मुलगी आली की काढतात. फराळाच्या जागी तेवढा केक. त्यामुळे माझ्या हक्काच्या झोपेच्या आठवड्यात मी दीड तास रहदारीत घालवून शहराच्या दुसऱ्या टोकाला पोचतो आणि पोचल्या पोचल्या माझ्या हातात सुरी दिली जाते. जावयाला मान असतो असं मी पुण्यात ऐकलं होतं.

केक या घरात आला तोही रीतसर. कारखान्यातला एक सहकारी दर नाताळाला मामांना डबाभर केक द्यायचा. आलेला डबा रिकामा परत करायचा नाही, हा मामींचा नियम. त्या डब्यातून चकल्या पाठवत. मामांना हे कमीपणाचं वाटे. केकला उत्तर केकनेच दिलं पाहिजे, असं त्यांनी एका वर्षी ठरवलं. अडचण अंड्यांची होती. "अंडं उंबऱ्याच्या आत येणार नाही," हा मामींचा दुसरा नियम. मग मामांनी परसात पत्र्याच्या छपराखाली विटा, माती आणि होसकोट्याच्या भंगारवाल्याकडून आणलेलं एक पिंप यांची भट्टी बांधली. कारखान्यात ते भट्टीवरच होते. लोखंडाचा रंग बघून ते किती तापलंय हे सांगत. इथे लोखंड नव्हतं, म्हणून त्यांनी कागद घेतला. वर्तमानपत्राचा तुकडा भट्टीत टाकायचा. तो दुधाळ चहाच्या रंगाचा झाला की केक आत. कागद कन्नड पेपरचाच लागतो. इंग्रजी पेपर लवकर भडकतो, असं त्यांचं मत आहे.

सुकामेवा कापण्याचं काम माझं. मनुकेचे दोन, खजुराचे सहा आणि संत्र्याच्या सालीचे तांदळाएवढे तुकडे. मामा कारखान्यातलं मोजमापाचं हत्यार घेऊन शेजारी बसतात आणि अधूनमधून माझा एखादा तुकडा उचलून त्यात धरतात. "जावईबुवा, हा स्वल्प जाड." सॉफ्टवेअरमध्ये इतकी वर्षं घालवली, पण माझ्या कामात इतक्या बारीक चुका कोणी काढल्या नाहीत. हा मेवा पूर्वी दोन महिने आधीच परसातल्या कपाटात रममध्ये भिजत पडायचा. मामींना कळू नये म्हणून त्या बाटलीवर 'गुडघ्याचं तेल' अशी चिठ्ठी होती. एकदा मामांच्या वृद्ध आत्यांनी ती शोधून काढली, दोन्ही गुडघ्यांना चोळली, आणि बरं वाटतंय म्हणून गावी जाताना मागून नेली. त्या वर्षीचा केक संत्र्याच्या रसात झाला. मामींना म्हणे सगळं माहीत होतं.

'म्हणे' म्हणायचं कारण, मामींना मी पाहिलेलं नाही. माझ्या लग्नाच्या दोन वर्षं आधीच त्या गेल्या. मला त्या माहीत होत्या त्या एका कॅसेटमधून. केकचे डबे भट्टीत गेले की मामा टेपरेकॉर्डरचं बटण दाबत आणि परसातल्या वेताच्या खुर्चीत डोळे मिटून बसत. कोणे एके काळी घरी चार माणसं जमलेली असताना मामी गायल्या होत्या, त्याचं ते ध्वनिमुद्रण. एक अभंग, दोन कन्नड भजनं, मग पुन्हा अभंग. गळा गोड, पण बाकीचं काय विचारता! कुकरच्या शिट्ट्या, कुत्र्याचं भुंकणं, मध्येच भांडं पडल्याचा आवाज, कोणाचा तरी खोकला, आणि ऐन रंगात आलेलं गाणं थांबवून स्वतः मामींनी घरातल्यांशी केलेलं बोलणं. भट्टीत एका वेळी चार डबे मावतात, केक वाटायचे ते तीस-पस्तीस घरी. म्हणजे आठवड्यात नऊ वेळा तोच कुकर आणि तेच कुत्रं. तिसऱ्या दिवशी माझं डोकं भणभणायला लागे.

केक मात्र असा, की बोलायची सोय नाही. केक देऊन झाला की मामा लोकांना चव कशी होती असं विचारत नाहीत. "बूड कसं होतं?" असं विचारतात. रिक्षास्टँडवरच्या अण्णांपासून माझ्या साहेबांपर्यंत सर्वांना त्यांनी हाच प्रश्न विचारलेला आहे. डबा निघाला की ते केक उलटा करतात, बुडावर बोटाने टकटक करतात आणि कान लावून ऐकतात. "वरनं सगळेच देखणे असतात, जावईबुवा. खरं काय ते बुडाशी कळतं." आणि मी पाहिल्यापासून त्यांचं बूड एकदाही करपलेलं नव्हतं. घड्याळ नाही, काटा नाही, डोळे मिटलेले. मध्येच उठून विस्तव मागे ओढत, मध्येच डबे फिरवत, मध्येच वरून कागद झाकत, आणि नेमक्या क्षणी भट्टी उघडत. त्यांना नाकाने कळतं, असं आम्ही सगळे समजत होतो. त्यांची मुलगीसुद्धा.

तीन वर्षांपूर्वी ती कॅसेट रडायला लागली. मामींचा आवाज पुरुषासारखा जाड येऊ लागला. बायको म्हणाली, "अरे, तू एवढा कम्प्युटरवाला, तेवढं लॅपटॉपवर घेऊन दे ना मामांना." मामा दोन दिवस विचार करत होते. मग कॅसेट रुमालात गुंडाळून त्यांनी माझ्या हातात दिली. "जपून हं. दुसरी नाही." मी जपूनच केलं. सगळं लॅपटॉपवर उतरवलं आणि कॅसेट मागे गुंडाळायला लावली, तेवढ्यात आतली फीत जी गुरफटली, ती तीन ठिकाणी तुटली. मामा फक्त म्हणाले, "आवाज आला ना तुमच्या यंत्रात? मग सरी." 'ठीक आहे' एवढ्याच अर्थाच्या त्या एका कन्नड शब्दाने मी इतका ओशाळलो, की भरपाई म्हणून काहीतरी फार चांगलं करायचं ठरवलं. चार संध्याकाळी बसून मी ते गाणं धुऊन काढलं. कुकर काढला. कुत्रं काढलं. भांडं, खोकला, मधलं बोलणं, सगळं कापलं. मामी आता अशा गात होत्या, जणू काही रेडिओ केंद्रावर बसल्यात. जुनं पुसून त्यावरच नवं ठेवलं. मी स्वतःवर बेहद्द खूश होतो.

पंचवीस तारखेला दुपारी पहिले चार डबे भट्टीत गेले आणि मी छोटा स्पीकर मामांच्या खुर्चीशेजारी ठेवला. अभंग सुरू झाला. मुलगी म्हणाली, "किती स्वच्छ येतोय आईचा आवाज!" मामा डोळे मिटून बसले होते. एक भजन झालं, दुसरं झालं. ते एकदाही उठले नाहीत. मग वास येऊ लागला.

"मामा, करपल्याचा वास येतोय," बायको म्हणाली.

"स्वल्प थांब. तिनं अजून सांगितलं नाही."

आम्ही एकमेकांकडे बघितलं. भट्टीच्या फटीतून धूर दिसायला लागला.

"अप्पा, अहो धूर येतोय!" मुलगी उठलीच.

"बस गं. सांगेल की ती. ती विसरत नाही."

शेवटचा अभंग संपला. स्पीकर गप्प झाला. मामांनी डोळे उघडले, त्या स्पीकरकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. "जावईबुवा," ते म्हणाले, "माझी बायको बोलली नाही."

मी चाचरत सांगितलं, की मधले आवाज मी काढून टाकले, गाणं नीट ऐकू यावं म्हणून. ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. "गाणारे काय, पुष्कळ आहेत," एवढंच म्हणाले. मग उठून त्यांनी कोळसा झालेले चार डबे बाहेर काढले, ओळीने ठेवले आणि सवयीने एकेक उलटा करून बुडावर टकटक केली.

मग त्यांनी सांगितलं. मामींचं गाणं टेप केलं त्या वर्षापर्यंत त्यांचा एकही केक धड झाला नव्हता. कधी कच्चा, कधी करपलेला; परतीचा डबा चकल्यांनीच भरायचा. एका नाताळाला त्यांनी डबे भट्टीत ठेवले आणि हात धुऊन आत येऊन टेप सुरू केला, कारण मामी गायला बसल्या होत्या. तिसऱ्या शिट्टीला ते कुकर बंद करायला उठले तेव्हा परसात डोकावून विस्तव मागे ओढला. कुत्रं भुंकलं म्हणून बाहेर गेले तेव्हा डबे फिरवले. भांडं पडलं तेव्हा कागद झाकला. आणि अंड्याचा म्हणून आयुष्यात कधी केकचा कण न खाल्लेल्या मामींनी पाऊण तासाने गाणं थांबवून नुसत्या वासावरून सांगितलं, केक काढा. तो पहिला साधलेला केक. तेव्हापासून मामांनी बाकी कशावर विश्वास ठेवला नाही. मामी होत्या तोवर मामांनी कॅसेट लावली की त्या चिडायच्या, "मी आहे की इथं जिवंत!" गेल्यावर कॅसेटच राहिली. आणि मी तिच्यातून नेमक्या मामी कापून काढल्या होत्या.

वाचवलं ते माझ्या आगाऊपणाने. गाणं धुण्याआधी मी ते मामांच्या मुलीला फोनवर पाठवलं होतं. "बघ किती घाण आवाज आहेत, आता तुला जादू दाखवतो," असं वर लिहूनही. तिने फोनमध्ये शोध शोध शोधलं. सापडलं. ती लाज मी अजून बाळगून आहे, पण ते वाक्य पुसायला तिला मी कधी सांगणार नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा चार डबे आत गेले. मी पहिल्यांदाच ते सगळं कान देऊन ऐकलं. शिट्ट्या झाल्या, कुत्रं भुंकलं, भांडं पडलं, मामा प्रत्येक वेळी उठले. शेवटच्या अभंगात मामी एकदम थांबल्या. "अहो, बघा की तिकडं स्वल्प, करपतंय!" मागून मामांचा तरणा आवाज आला, "आलो, आलो." आणि वेताच्या खुर्चीतून मामा उठत म्हणाले, "आलो, आलो." दोन्ही एकदमच. मुलगी तोंडावर पदर धरून आत गेली. मी खजूर कापत राहिलो. त्या दिवशीचे तुकडे फारच जाड झाले, पण मोजायला कोणी आलं नाही.

त्याला तीन डिसेंबर झाले. मामा आता ऐंशीच्या घरात आहेत आणि गुडघ्यांना खरंखुरं तेल लागतं. गेल्या वर्षी फोनमधला 'आलो' होऊन गेला आणि मग खुर्चीतला आला. या वर्षी मामींनी पुढची ओळ गाऊन संपवली तरी मामा खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठतच होते. परसात आम्ही तिघं धडधाकट माणसं बसलेलो असतो, भट्टी चार पावलांवर असते, पण कोणी उठत नाही. मीही नाही. वर्षभराचा थकवा असतो, हे खरं. पण ते कारण नाही. त्यांना बोलावलेलं असतं.

केकचं बूड दरवर्षी थोडं अधिक काळं निघतं. मामा तो उलटा करतात, टकटक करतात, कान लावतात, पण हल्ली स्वतः काही बोलत नाहीत. पहिली फोड माझ्या हातावर ठेवतात आणि विचारतात, "बूड कसं आहे, जावईबुवा?"

मी खालचा कडू भाग आधी खाऊन टाकतो आणि म्हणतो, "सरी आहे, मामा. एकदम सरी."