चौथ्या फडक्यावरचा वाटा

माझ्या वर्गातल्या त्या भागाकाराची हकीकत आमचे निवृत्त सहकारी देवास गेटच्या चहाच्या टपरीवर आजही रंगवून सांगतात. म्हातारपणी माझी मती फिरली आणि मी मेलेल्या मुलीचा वाटा मुलांकडून मांडून घेतला, म्हणे. या मंडळींपैकी एकही त्या दिवशी वर्गात नव्हता. मी होतो.

भैरवगढच्या शाळेत मी चौथीला गणित शिकवीत असे. झाडूच्या काड्या, त्यांच्या दहादहाच्या जुड्या, आणि छपाईवाल्यांच्या मुलांनी घरून आणलेली फडकी, एवढेच माझे साहित्य. चौघांचा गट, प्रत्येकाचे फडके फरशीवर पसरलेले. आधी जुड्या वाटायच्या, उरलेली जुडी सोडून सुटी करायची, मग सुट्या काड्या वाटायच्या. भागाकार आधी हातांना कळावा लागतो, या मतावरून मी आजही हटणार नाही.

पावसाळ्यात एका गटातली मुलगी तापाने गेली. शाळा पुन्हा भरली तेव्हा उरलेल्या तिघांना मी शहाण्णव काड्या दिल्या: नऊ जुड्या, सहा सुट्या. तिघांत वाटताना एकही जुडी सोडावी लागत नाही. गणित मी मुद्दाम सोपे निवडले होते. परंतु मुलांनी तिचे लाल बुट्ट्यांचे फडके काढून तिच्या जागी पसरले, चारही फडक्यांवर दोन-दोन जुड्या ठेवल्या आणि उरलेली जुडी सोडून सुट्या काड्या चार-चार वाटल्या. मी सांगितले नव्हते. मी अडवले नाही, एवढेच खरे.

तेवढ्यात मुख्याध्यापिका दारात आल्या.

"माट्साब, बच्चे तीन और ढेर चार? ये कौन-सा गणित है?"

"मैडम, उसका भी तो लगेगा," गटातली धीट मुलगी म्हणाली.

"बेटा, वो अब नहीं है।"

"पता है।"

बाई माझ्याकडे वळल्या. "उठवाइए ये कपड़ा।"

"आप ही उठा लीजिए," मी म्हणालो.

बाईंचा हात पुढे झाला नाही. शेवटी त्या मुलांना म्हणाल्या, "अच्छा, उसका हिस्सा आपस में बाँट लो।" तिघांनी तिच्या दोन्ही जुड्या सोडल्या, तिच्या चार सुट्या त्यांत मिसळल्या आणि आठ-आठ काड्या वाटून घेतल्या. सगळे बिनचूक.

"अब कितनी हुईं?"

"चौबीस।"

"बत्तीस, बेटा!"

"ये आठ उसकी हैं।"

तिघांनीही त्या आठ काड्या फडक्याच्या कडेला, आपल्या काड्यांना लागू न देता ठेवल्या होत्या.

या वर्गाला भागाकार येत नाही, असे ठरले. काड्या कपाटात गेल्या, कुलूप लागले, फळ्यावरचे पाढे सुरू झाले. कपाटात सगळ्या काड्या गेल्या नाहीत, हे मात्र टपरीवरच्या कुणालाही ठाऊक नाही.

परवा सूनबाई घर आवरत होती. "बाबा, या सुट्या काड्या कचरा-गाडीत देऊन टाकू का?"

"हात लावू नकोस," मी म्हणालो. "त्या आपल्या नाहीत."