तळव्याखालचं नाव

आपल्या पत्रकावर कुणाची नजर पडली, की तो आधी त्यावर हाताचा तळवा ठेवायचा आणि मग हसायचा. "डॉक्टरांना विचारा," म्हणायचा.

तुम्हीही असा माणूस पाहिला असेल. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात टाय, मांडीवर जड काळी बॅग. दवाखान्याच्या बाकड्यावर पेशंटांच्या रांगेत बसलेला, पण पेशंट नसलेला. आमच्या केजमधला हा लसीच्या कंपनीचा माणूस. स्टँडमागच्या एका खोलीत एकटाच राहायचा. माझं फ्लेक्सचं दुकान दवाखान्याला लागूनच, त्यामुळे माझी रोजची करमणूक ठरलेली.

चहाच्या टपरीवर आम्ही त्याला छळायचो.

"साहेब, नागिणीवर लस निघाली म्हणे. नाव काय तिचं?"

"डॉक्टरांना विचारा."

"लस तुमची, अन् विचारायचं डॉक्टरला?"

"नियमच हाय तसा, भाऊ. नाव घ्यायचं ते डॉक्टरपुढं, चारचौघांत न्हाई. चारचौघांत फक्त आजाराचं सांगायचं. डॉक्टरनं लिहून दिलं, तर त्या पेशंटला पत्रक. बास."

एकदा तो माझ्याकडे बोर्ड करायला आला. मजकूर एवढाच : नागीण टाळता येते. आपल्या डॉक्टरांना विचारा. लसीचं नाव मी त्याच्या बॅगेत डोकावून कधीच वाचलेलं होतं. ते खाली लालभडक टाकलं आणि स्क्रीन त्याच्याकडे वळवली. त्यानं स्क्रीनवरच तळवा ठेवला.

"नोकरी जाईल माझी," म्हणाला. मी नाव पुसेपर्यंत हात काढला नाही.

हळूहळू माझ्या लक्षात आलं. दिवसभर ताटकळून त्याला डॉक्टरांसमोर दोन मिनिटं मिळायची. बोलता यायचं एकाच विषयावर, आणि त्यावर उरलेल्या सगळ्या केजशी बोलायची बंदी. क्रिकेटला तो "हं" म्हणायचा, निवडणुकीलाही "हं". चहा संपला की खोलीवर.

मग मी नाटक रचलं. ही लस पन्नाशीनंतर देतात, आणि माझी पन्नाशी उलटलेलीच होती. डॉक्टरांकडून नागिणीची लस लिहून घेतली, पहिला डोस टोचून घेतला आणि दंड चोळत चिठ्ठी त्याच्यापुढे धरली.

"बोला आता. मी चारचौघांतला राहिलो नाही."

त्यानं चिठ्ठी दोनदा वाचली. आत जाऊन डॉक्टरांना विचारून आला. माझ्या मांडीवर पत्रक ठेवलं आणि तळवा उचलला.

तासभर बोलला. ओळीवर बोट ठेवून, एकही ओळ न गाळता. दंड दुखेल, कणकण येईल, हे त्यानं इतक्या आनंदानं सांगितलं, की मला तापाची ओढच लागली. शेवटच्या ओळीवर मात्र त्याचं बोट थांबलं.

"धारूरला आमच्या बाबांना नागीण झालती. फोडं गेली, आग ऱ्हायली. मरेपर्यंत अंगाला सदरा लागू दिला न्हाई त्यांनी. त्याच्या आधी लई वेळा विचारायचे, तू इकतोस तरी काय?"

"मग?"

"म्हणलं, डॉक्टरांना विचारा."

"अहो, घरच्यांना सांगायला काय हरकत होती?"

"सवय, भाऊ."

बॅगेची चेन त्यानं उगीच उघडली, लावली. मग पत्रकावर दुसऱ्या डोसची तारीख पेनानं लिहून दिली. "मी हाय त्या दिवशी. लई सांगायचं ऱ्हायलंय."

दोन महिन्यांनी मी बरोबर त्या तारखेला गेलो. बाकड्याच्या टोकाची त्याची जागा रिकामी होती. कंपनीनं त्याला दुसरीकडे पाठवलं, म्हणून कंपाउंडर सांगत होता. कुठे, ते त्याला माहीत नव्हतं. टपरीवर विचारलं. तिथे तर त्याचं नावही कुणाला सांगता येईना. मलाही नाही. आम्ही विचारलं होतं ते फक्त लसीचं.

दुसरा डोस घेतला आणि बाकड्यावर बसलो, टोकाची जागा सोडून. थोड्या वेळानं दंड दुखायला लागला, अगदी त्यानं सांगितलं होतं तसाच. मी त्या रिकाम्या टोकाकडे वळून ते सांगायला गेलो.