क्लचच्या डब्यातलं तेल

बाबांच्या डाव्या पायाबद्दल मी जे बोललो ते आठवलं की मला आजही माझी लाज वाटते. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे स्वतःची बाजू सावरायला जागा उरणार नाही.

बाबा जिल्ह्याच्या कचेरीत सरकारी जीप चालवायचे. तीस वर्षं. निवृत्तीनंतर त्यांनी एक जुनी गाडी घेतली आणि आई गेल्यावर तीच गाडी एकट्याने चालवत आमच्याकडे बेंगळुरूला आले. सर्जापूर रोडवरच्या आमच्या सोसायटीत सगळे माझ्यासारखेच, सकाळी लॅपटॉप उघडणारे आणि रात्री मिटणारे. बाबांशी बोलायला कुणाला वेळ नाही. मग त्यांनी आपलं आपण एक ठिकाण शोधलं, बेंगळुरूच्याच शिवाजीनगरातलं एक गॅरेज. मालक मराठी, पण तीन पिढ्या इथल्याच. दर गुरुवारी बाबा गाडी काढून तिथे जायचे, स्टुलावर बसून चहा प्यायचे आणि इंजिनाचा आवाज ऐकून कुठे काय बिघडलंय ते सांगायचे. मालक त्यांना अण्णा म्हणायचा आणि एखादी अडेल गाडी आली की आधी त्यांना विचारायचा. एवढ्या मोठ्या शहरात बाबांना मान असलेली जागा तेवढी एकच होती.

एका रविवारी मला गाडीची सर्व्हिसिंग स्वतः करायची हुक्की आली. दोन व्हिडिओ बघितले आणि अर्ध्या हळकुंडाने पिवळा होऊन तळघरातल्या पार्किंगमध्ये बॉनेट उघडलं. या गाडीचा क्लच तेलाच्या दाबावर चालतो. त्याच्या तेलाचा छोटा डबा ब्रेकच्या तेलाच्या डब्याला लागूनच असतो. त्यात तेल कमी दिसलं. घरी स्टिअरिंगच्या तेलाची अर्धी बाटली पडून होती. तेल ते तेल, असं म्हणून मी त्यातलं ओतलं. बाबा शेजारीच उभे होते.

"याला हेच चालतं का रे? झाकणावर काय लिहिलंय ते बघ की," ते म्हणाले.

"बाबा, मला कळतं."

मी हात धुतले आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात सांगितलं की गाडीची कामं मी स्वतःच करतो.

तीनेक आठवड्यांनी एका गुरुवारी बाबांचा फोन आला. सिग्नलला गाडी अडकली होती, गिअर पडत नव्हता. मी मीटिंग अर्धवट सोडून रिक्षाने गेलो. मागे हॉर्नचा कल्लोळ, एक दुचाकीवाला बाबांना कानडीत काहीतरी सुनावत होता आणि बाबा खिडकीतून हात जोडत होते. त्यांना उठवून मी गाडीत बसलो, पेडल तीन-चार वेळा भराभर मारलं आणि गिअर पडला. झालं, माझी खात्रीच पटली. माझ्या पायाने जमतं, त्यांच्या पायाने जमत नाही.

गाडी कडेला घेतली आणि उचलली जीभ लावली टाळ्याला. "बाबा, तुमच्या पायात आता जोर राहिलेला नाही. क्लच पुरता दाबलाच जात नाही तुमच्याकडून. एखाद्या दिवशी कुणाचा तरी जीव घ्याल. बस झालं आता." किल्ली गाडीलाच होती. घरी गेल्यावर मी ती माझ्या बॅगेत टाकली. त्यांनी मागितली नाही.

पाच गुरुवार ते घरीच होते. मी घरून काम करायचो त्या दिवशी दाराच्या फटीतून मला बाल्कनी दिसायची. बाबा खुर्चीत बसून डावा पाय भिंतीला लावून दाबायचे, थोडा वेळ धरायचे, सोडायचे. पुन्हा दाबायचे. गुडघ्याचा व्यायाम असेल, असं मला वाटलं. बरं आहे, काहीतरी करतायत, असं म्हणून मी पुन्हा स्क्रीनकडे वळायचो.

सहाव्या आठवड्यात माझ्या पायाखालीही पेडल तळाला गेलं आणि तिथेच राहिलं. बोटांनी ओढून वर काढावं लागलं. पुन्हा दाबलं, पुन्हा तळाला. गाडी टो करून शिवाजीनगरला न्यावी लागली. बाबा टोच्या गाडीत पुढे बसले होते, मुंजीतल्या मुलासारखे ताठ. किती दिवसांनी ते गॅरेज बघणार होते.

मालकाने आधी गाडीखाली आणि पेडलच्या वर हात फिरवून बघितला. गळती कुठे नव्हती. मग त्याने क्लचच्या डब्याचं झाकण उघडलं. झाकणातलं रबर फुगून वेडंवाकडं झालं होतं. त्याने तेलात बोट बुडवून चोळलं, हुंगलं आणि काही न बोलता पाण्याने भरलेला स्टीलचा पेला आणला. त्यात तेलाचे चार थेंब टाकले. थेंब वर तरंगत राहिले.

"ब्रेकचं तेल असतं तर पाण्यात मिसळलं असतं," तो म्हणाला. "क्लचलाबी तेच लागतं बघा. हे दुसरंच हाय. आतली सगळी रबरं खाल्ली याने. दाब धरणार कशी?" मग त्याने शेजारच्या डब्याकडे बोट दाखवलं. "नशीब, यात नाही ओतलं. ब्रेकच गेला असता. कोण ओतलं हे?"

पाच आठवड्यांपूर्वी कुणाचा तरी जीव घ्याल असं मी ज्यांना म्हणालो होतो, ते माझ्या शेजारी उभे होते. तोंड उघडायला मला एक क्षण लागला. तेवढ्यात बाबा म्हणाले, "मीच."

मालक हसायला लागला. "अय्यो अण्णा! तीस वर्सं जीप चालवलात आणि हे काय केलात?" तिथे काम करणारे दोघे जणही हसले. बाबाही हसले, मान खाली घालून. मी खिशातून फोन काढला आणि उगाच काहीतरी वाचत बसलो. मी बोललो नाही. तो क्षण गेल्यावरही बोललो नाही, आणि नंतर तर अख्खी दुपार होती.

मी आठवीत होतो तेव्हा बाबांच्या साहेबांनी हौस म्हणून जीप स्वतः चालवली आणि विश्रामगृहाच्या फाटकावर घातली. चूक माझी, असं बाबांनी लिहून दिलं आणि मेमो घेतला. मी दोन दिवस त्यांच्याशी बोललो नव्हतो. तेव्हा ते मला एवढंच म्हणाले होते, "गाडीत साहेब असला की चूक ड्रायव्हरची असते. तशी रीतच आहे." त्या साहेबाचा मला किती राग आला होता! शिकून मोठा होईन पण असला माणूस होणार नाही, असं मी आईला सांगितलं होतं.

मालकाने तेलाची सगळी नळी धुऊन काढली, क्लचचा वरचा आणि खालचा सिलिंडर नवा बसवला, रबरी पाइपही बदलला. आता आत अडकलेली हवा काढायची होती. त्यासाठी एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने खाली नट सैल करून हवा सोडायची, आणि नट पुन्हा घट्ट होईपर्यंत पेडल जरासुद्धा उचलायचं नाही. "साहेब, स्वल्प, जरा आत बसा," तो मला म्हणाला. मी बसलो. सातव्या-आठव्या वेळी माझी पोटरी भरून आली आणि त्याने सांगायच्या आत पाय सुटला. हवा परत आत.

"मी बसतो," बाबा म्हणाले.

दाबा. धरा. सोडा. दाबा. धरा. सोडा. मी दाराशी उभा राहून मोजत होतो. एक्केचाळीस वेळा. पाय एकदाही थरथरला नाही. "सरी, अण्णा, झालं," गाडीखालून आवाज आला.

परत येताना गाडी मी चालवत होतो. पार्किंगमध्ये इंजिन बंद केलं आणि किल्ली त्यांच्यापुढे धरली. "बाबा, तेल मी ओतलं होतं."

"माहितीये की. मी तिथेच होतो."

"मग त्या दिवशी सिग्नलला का नाही बोललात?"

"तेलाचं मनात आलं होतं. पण तू पाय म्हणालास. मला वाटलं, असेलही. रोज भिंतीला लावून बघत होतो, जोर खरंच गेलाय का." ते आपल्या डाव्या गुडघ्याकडे बघत म्हणाले. "भिंतीवर काही कळत नाही पण."

मला रडू आलं. "मी गॅरेजवाल्याला फोन करून खरं सांगतो," मी म्हणालो.

"कशाला? तिथे तुला साहेब म्हणतात," असं म्हणून त्यांनी किल्ली खिशात टाकली.

मी फोन केला नाही. करीन करीन म्हणत राहिलो. पुढच्या गुरुवारी बाबा गॅरेजमध्ये जाऊन आले. एक अडेल गाडी आली होती म्हणे, पण या वेळी मालकाने त्यांना विचारलं नाही. चहाबरोबर मात्र त्यांच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला आणि म्हणाला, "अण्णा, आधी तपासून घ्या." संध्याकाळी जेवताना बाबांनी हे त्याच्या आवाजाची नक्कल करून सांगितलं. माझी बायको हसली. तिला वाटतं, तेल बाबांनीच ओतलं होतं.

मीही हसलो.