दाजी आणि पाहुण्यांचं अकाउंट

यांचा रिपोर्ट हातात आला तेव्हा मी डॉक्टरांना तीनदा विचारलं, "बिलकुल काही न्हाई ना?" तिसऱ्यांदा ते हसले. म्हणाले, "बाई, बिलकुल काही नाही. आता वर्षानं या." संभाजीनगरहून जालन्याला येईपर्यंत बसमध्ये मी एकटी बडबडत होते आणि आमचे हे खिडकीला डोकं टेकून ऐकत होते. ऐकण्यावाचून त्यांना इलाजच नव्हता. वर्षापूर्वी घशाचं ऑपरेशन झालं, स्वरयंत्रच काढावं लागलं. तेव्हापासून गळ्याला रुमाल आणि हातात पाटी. जे सांगायचं ते पाटीवर लिहायचं.

आणि हा माणूस कोण? जन्मभर एसटीचा कंडक्टर. जालना-जाफराबाद, जालना-भोकरदन, याच फेऱ्या. आवाज असा, की स्टँडवर यांनी हाक दिली की हॉटेलातला माणूस अर्धा चहा टाकून पळत यायचा. घरातसुद्धा हळू बोलणं ठाऊक न्हाई. मी म्हणायचे, "अहो, मी इथं दोन हातांच्या अंतरावर उभी आहे, माझी बस सुटून न्हाई राह्यली." लग्न झाल्यापासून मला घरात जरा शांतता पाहिजे होती. मिळाली बाई. नको तेवढी मिळाली.

तर रिपोर्ट चांगला आला म्हणून रविवारी दुपारी चार माणसांना जेवायला बोलवायचं ठरलं. चाराची चाळीस झाली. जेवणाचं मला काही वाटत नव्हतं. धास्ती होती ती गाण्यांची.

आमच्या पुढच्या खोलीत मुलीनं शिकताना घेतलेला कॉम्प्युटर आहे, त्याला दोन मोठे स्पीकर. आमच्याकडं आलेला माणूस पाणी पितो आणि थेट त्याच्यासमोर जाऊन बसतो. एकाला भारूड पाहिजे, शेजारच्या भाभींना कव्वाली, पोरींना नाचायचं काहीतरी. नको कसं म्हणणार? पण मागच्या खेपेला तिथं आमचे दाजी बसले होते.

दाजी म्हणजे यांच्या थोरल्या बहिणीचे यजमान. बदनापूरला राहतात. माणूस सोन्यासारखा, पण पसारा दिसला की त्यांचे हात शिवशिवतात. कुणाच्याही घरी गेले की चपला ओळीत लावतील, वर्तमानपत्रांच्या घड्या घालतील. मागच्या खेपेला गाणं शोधता शोधता त्यांना कॉम्प्युटरवरच पसारा दिसला. "किती कचरा साठवलाय वैनी, दिला काढून," असं त्यांनी मला अभिमानानं सांगितलं. त्या कचऱ्यात मुलीच्या लग्नाचे फोटो होते. कचऱ्याचा डबासुद्धा त्यांनी रिकामा केल्ता, काम अर्धवट सोडायची सवयच न्हाई. नशीब, फोटोग्राफरकडं सगळं होतं.

पण आता त्या कॉम्प्युटरवर जे होतं ते जगात दुसरीकडं कुठंच नव्हतं.

ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात मी यांना माझ्या फोनसमोर बसवलं होतं. "बोला काहीतरी, आठवण म्हणून," म्हटलं. काय बोलावं हे यांना सुचेना, मंग स्टँडवर बोलायचे तेच बोलले. सहा-सात मिनिटांचं रेकॉर्डिंग. ऑपरेशन होऊन घरी आल्यावर एक दिवस मी हौसेनं ते लावलं. दोन वाक्यं झाली असतील, यांनी भिंतीकडं तोंड फिरवलं. खांदे हलायला लागले. माझ्या काळजाचं पाणी झालं. झटकन बंद केलं. स्वतःचाच गेलेला आवाज माणसाला ऐकवायचा, किती ही माझी अक्कल! पुन्हा चुकूनही यांच्या कानावर पडायला नको म्हणून मुलीकडून ते कॉम्प्युटरवर आत कुठंतरी टाकून घेतलं, त्याचं नाव काढून नुसता आकडा ठेवला, आणि फोनवरून पुसलं. मुलगी म्हणाली, "आई, अजून एका ठिकाणी ठेव." मी म्हटलं, बघू. कुणी घरात नसलं की आवाज बारीक करून मी एकटीच ऐकायचे. यांना वर्षभर पत्ता लागू दिला न्हाई.

आणि आता त्याच्यासमोर दाजी बसणार.

मुलगी शनिवारीच आली. मी तिला म्हटलं, कॉम्प्युटर माळ्यावर ठेवू, बिघडला म्हणून सांगू. ती म्हणाली, "काही गरज न्हाई. पाहुण्यांना वेगळं अकाउंट करून देते." तासाभरात केलं. त्यात फक्त गाणी. लावता येतात, थांबवता येतात, पुसता येत न्हाईत. आमचं बाकीचं सगळं दुसऱ्या अकाउंटला, त्याला कुलूप, म्हणजे पासवर्ड. माझा विश्वास बसेना. मी स्वतः बसून एक गाणं पुसायला गेले, तर कॉम्प्युटरनं साफ नकार दिला. दुसरं पुसायला गेले, पुन्हा नकार. इतका जीव भांड्यात पडला म्हणून सांगू! या घरात ठाम नाही म्हणणारं कुणीतरी पाहिजेच होतं. मुलीनं त्या अकाउंटला नाव दिलं, "पाहुणे".

रविवारी सगळं कसं बराबर चाललं होतं. भारूड झालं, कव्वाली झाली. दाजी उशिरा आले, पाणी प्यायले आणि खुर्चीवर बसले. म्हटलं बसा, बसा, खुशाल बसा. मी पुऱ्या लाटायला आत गेले तर नणंद मागोमाग आली, चेहरा उतरलेला. "अगं, ते जेवत न्हाईत म्हणतात."

बाहेर येऊन बघते तर दाजी हाताची घडी घालून बसलेले. स्क्रीनकडं बोट करून म्हणाले, "वैनी, आम्ही पाहुणे कवापासून झालो?"

झालं! आमच्याकडं जावई रुसला की घरातलं सगळं अन्न कडू. ज्या माणसानं यांच्या ऑपरेशनच्या वेळी आठ रात्री दवाखान्याच्या बाकावर काढल्या, त्याला आम्ही "पाहुणे" अशी पाटी लावलेल्या दारात उभं केलं. त्याचंही खरं होतं. एरवी असल्या वेळी हे एका आरोळीत दाजींना हसवून पानावर बसवायचे. आता यांनी पाटीवर लिहिलं, "दाजी घरचे. त्यांना आपलं उघडून दे." आणि माझ्यासमोर धरलं.

मी म्हटलं, "अहो, त्याच्यात गाणी सारखीच आहेत."

यांनी पाटीवर बोटानं टकटक केलं. जल्दी. सगळे बघून राह्यले. कारण कसं सांगू? ज्यांच्यापासून वर्षभर लपवलं तेच माझ्यापुढं पाटी धरून उभे. मुलगी माझ्याकडं डोळे मोठे करून बघत होती. मी पासवर्ड टाकला. दाजींचा चेहरा खुलला, आणि मी पुऱ्यांकडं पळाले, कारण तेल तापून धुरायला लागलं होतं.

कढईत पुरी सोडली आणि बाहेरून ऐकू आलं, "अरे देवा, हा केवढा पसारा!" झारा हातात तसाच घेऊन मी दारापर्यंत आले असेन नसेन, तेवढ्यात दोन्ही स्पीकरमधून सगळं घर दणाणलं.

"हसनाबादवाले दारात याऽऽ! पुढं सरका, पुढं सरका! मागं काय पंगत बसून राह्यली का?"

भाभी तोंडावर पदर धरून म्हणाल्या, "या अल्ला, ये तो भाईसाब है!" दाजी माउसवरचा हात उचलून बसलेले. मला म्हणाले, "वैनी, नाव न्हाई काही, नुसता आकडा. रिकामं असंल, काढून टाकावं म्हटलं. पण त्या फोटोंच्या भानगडीपासून मी कानाला खडा लावलाय. टाकायच्या आधी उघडून बघतो."

दाराची चौकट धरली. वाचलं. आणि लगेच यांच्याकडं बघितलं.

यांनी भिंतीकडं तोंड फिरवलं होतं. खांदे हलत होते. अगदी त्या दिवशीसारखे. मी ओरडले, "बंद करा ते, बंद करा!" आणि पुढं होऊन यांचा खांदा धरला, तोंड वळवलं.

हे हसत होते.

आवाज न्हाई, काही न्हाई, नुसता उघडा जबडा आणि डोळ्यांतून पाणी. पोट धरून हसत होते. स्पीकरमधले हे ओरडत होते, "ओ मावशी, कोंबडी मांडीवर घ्या, न्हाईतर तिचं तिकीट फाडतो!" आणि खुर्चीतले हे हसून हसून लाल झाले होते. मंग दाजी हसले, नणंद हसली, सगळी खोली हसली. मी तेवढी झारा घेऊन उभी.

"त्या दिवशी मंग तोंड का फिरवलं होतं?" मी विचारलं. विचारलं कसलं, भांडलेच.

यांनी पाटी ओढली. "टाके ओले होते. हसलो की दुखायचं." पुसलं, पुन्हा लिहिलं. "मंग तू परत लावलंच न्हाईस. फोनमध्ये बघितलं, नव्हतं. वाटलं, तुला ऐकवत न्हाई म्हणून पुसलंस. म्हणून विचारलं न्हाई."

वर्षभर! एका घरात, एका ताटात जेवून राह्यलो आम्ही. मी यांना सांभाळत होते आणि हे मला सांभाळत होते, आणि तो आवाज तिकडं बिननावाचा पडून होता. मी तिथंच खाली बसले आणि चाळीस माणसांसमोर भोकाड पसरलं. आत पुरी जळाली तिचं कुणाला काही न्हाई.

दाजींनी आधी पेन ड्राइव्हवर त्याची कॉपी मागितली. मुलीनं स्वतःच्या फोनवर घेतलं, नणंदेच्या, भाभींच्या फोनवर पाठवलं. दाजी मंग उठून पानावर बसले, दोन वेळा वरण मागून घेतलं. सगळ्यांची जेवणं झाल्यावर यांनी मुलीला खुणेनं बोलावलं आणि पाटी दाखवली. "हे पाहुण्यांच्यात टाक."

आता ते तिथंच असतं, भारूड आणि कव्वालीच्या मधोमध. घरी आलेलं कुणीही लावू शकतं, पुसू कुणीच शकत न्हाई. परवा दुपारी मी भाकरी थापत होते. बाहेरून एकदम आवाज आला, "चला, सुटली गाडी, बसा लौकर!" घरात आम्ही दोघंच होतो.

मी आतून ओरडले, "अहो, आवाज कमी करा!"

यांनी अजून वाढवला.