दंडावरची सुई

पहिलं बाळंतपण माहेरी, हे कुठल्या कायद्यात लिहिलेलं नाही, पण आमच्याकडे ते कायद्याहून पक्कं. म्हणून सातवा लागल्याबरोबर मी आमच्या सरोजिनीनगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये ट्रंक उघडून बसले होते. तेवढ्यात आईचं पत्र आलं. "यंदा इकडे उन्हाळा फार पडणार म्हणतात. तुला सोसायचा नाही. तिथेच मोठ्या दवाखान्यात नाव घाल."

उन्हाळा! दिल्लीत राहणाऱ्या बाईला साताऱ्याकडच्या उन्हाळ्याची भीती! जानेवारी चालू होता. मी दोन स्वेटर घालून ते पत्र वाचत होते.

मी तशी लहानपणापासून तापट. राग नाकावर नाही, जिभेवरच असतो. उलट टपाली लिहिलं, मला नाही बोलावत तर तू ये. त्यावर उत्तर, धाकटीला दाखवायचं चाललंय, मला हलता येत नाही. म्हणजे थोरलीचं लग्न झालं, ती दिल्लीला गेली, आता ती मेली काय नि जगली काय. हे मी पत्रात लिहिलं नाही, एवढीच माझी अक्कल. पण स्वयंपाक करताना भिंतीला ऐकवलं मात्र रोज.

भिंतीलाच ऐकवायचं, कारण दुसरं होतं कोण? नवरा मंत्रालयात. मुलगी झाली ती मार्चअखेरीला, आणि तेव्हा संसदेचं अधिवेशन चालू. अधिवेशन चाललं की आमच्या घरात माणूस नसे. खासदारांनी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं तयार करायला हे सकाळी आठला जायचे ते रात्री नऊला यायचे. देशभरच्या प्रश्नांना उत्तरं देऊन घरी आले की माझ्या प्रश्नाला एकच उत्तर असायचं, "तू ठरव ना, यार."

दवाखान्यातून तिसऱ्या दिवशी घरी सोडलं. निघताना एका मलयाळी सिस्टरने कार्ड भरायला घेतलं. तिची हिंदी तोडकी, माझी त्याहून तोडकी. "बच्ची छोटी है. वज़न कम. बीसीजी एक महीने बाद लगाना." मग पेन थांबवून विचारलं, "घर में किसी को टीबी?"

मला तो प्रश्न चक्क लागला. "जी नहीं," मी म्हणाले, "हमारे यहाँ ऐसा कुछ नहीं." आमच्याकडे, म्हणजे चांगल्या घरात, दोन वेळा देवापुढे दिवा लागणाऱ्या घरात. सिस्टरने मान वर न करता 'नो' लिहिलं आणि पुढच्या बाईकडे वळली.

आठव्या दिवशी गावाकडून पार्सल आलं. गावचे एक गृहस्थ कामासाठी दिल्लीत आले होते, कोपर्निकस मार्गावरच्या सरकारी अतिथिगृहात उतरले होते. ह्यांनी तिथून पिशवी आणली. मी बाळाला मांडीवरून खाली ठेवून ती उघडली. वर डिंकाचे लाडू. एक तोंडात घातला आणि कळलं, हे काकूच्या हातचे. आईच्या लाडवात जायफळ असतं. म्हणजे लेकीसाठी चार लाडू वळायलाही हिला सवड नाही!

त्याखाली कापड होतं. नवं, कोरं मलमल, दुकानाची घडीसुद्धा मोडलेली नव्हती.

इथे थोडं थांबून सांगायला हवं. आमच्याकडे तान्ह्या बाळाला बारशापर्यंत नवं कापड लावत नाहीत. त्याला गुंडाळायचं ते आजीच्या जुन्या नऊवारीच्या दुपट्यात, वापरून वापरून मऊ झालेल्या, आजीच्या अंगाचा वास असलेल्या. मी तशाच दुपट्यात वाढले, माझी बहीणही. माझी आई रीतीभातीला इतकी पक्की की तिन्हीसांजेला केर काढला तर शेजारणीलाही बोलायची. आणि त्या बाईने माझ्या मुलीला दुकानातलं कोरं कापड पाठवलं!

मी रडले. खोटं कशाला सांगू, मोठमोठ्याने रडले. ह्यांनी विचारलं, "क्या हुआ? लाडू खराब निघाले का?" मी म्हणाले, "हो. लाडूच खराब निघाले."

आता तो टोचण्याचा प्रश्न. महिना भरत आला तशी मी त्यावर विचार करायला लागले, कारण विचार करायला दुसरं काही नव्हतंच. शेजारी एक पंजाबी म्हाताऱ्या बाई होत्या, त्यांना सगळी कॉलनी बीजी म्हणायची. दुपारी त्या येऊन बाळाला तेल लावून जात, दिवसभरात माझ्याशी बोलणारं तेवढंच एक माणूस. त्यांचं मत ठाम. चाळीस दिवस बाळाला उंबऱ्याबाहेर काढायचं नाही, आणि तो टीका, म्हणजे बीसीजीची सुई, तर मुळीच नाही. त्यांच्या नातवाचा दंड त्याने पिकला होता, दोन महिने वाहत होता. "इतनी सी जान," त्या माझ्या मुलीचा दंड दोन बोटांत धरून म्हणायच्या, "इसमें सुई कहाँ घुसेगी?"

खरंच, कुठे घुसणार? तो दंड माझ्या अंगठ्याएवढाच होता. आणि घरात कुणाला टीबी नाही, मग हवी कशाला? ती सुई दाटीवाटीच्या वस्तीतल्या पोरांना. मी असंच म्हणायचे, आता लाज वाटते.

अशात आईचं पत्र आलं. कुशल विचारणं दोन ओळींत संपलेलं. पुढे, "बाळाला दंडावरची सुई टोचून घेतलीस का? घेतली नसशील तर हे पत्र मिळताच घे. माझी शपथ आहे."

तळपायाची आग मस्तकात गेली. बाळंतपणाला बोलवायचं नाही, स्वतः यायचं नाही, दुपटं पाठवायचं नाही, आणि शपथा मात्र घालायच्या? आयत्या बिळावरचा नागोबासुद्धा बरा, तो निदान बिळात येऊन तरी बसतो! बाळ झोपलेलं होतं, तेवढ्यात मी आंतर्देशीय घेतलं आणि लिहिलं, "तू ये. माझ्याबरोबर दवाखान्यात चल, मग टोचते. तू आली नाहीस तर टोचणार नाही, शपथ घाल नाहीतर काही कर." बीजींच्या हाती ते पेटीत टाकायला दिलं, मन बदलायच्या आत.

खरं सांगायचं तर मला सुईशी काही देणंघेणं नव्हतं. मला आई हवी होती. दुपारी दार वाजावं, पिशवी खाली ठेवून तिने म्हणावं, "हट, तू नीज जरा, मी बघते हिला." एवढंच हवं होतं. त्यासाठी मी पोरीचा दंड डावावर लावला.

नवव्या दिवशी उत्तर आलं. तिचंच अक्षर, पण ओळी खाली कलंडलेल्या. ते पत्र मला आजही पाठ आहे.

"मला क्षय झाला आहे. चार महिने सुया चालू आहेत. धाकटीचं जमेपर्यंत कुणाला सांगायचं नाही असं घरात ठरलं आहे, कळलं तर तिला कोण करून घेईल? तू दिवाळीत इथे होतीस, पोटुशी, माझ्या शेजारी निजत होतीस, तेव्हा मी खोकत होते. त्या विचाराने मला झोप नाही. लाडू मी वळले नाहीत. माझं नेसलेलं लुगडं पाठवलं नाही. डॉक्टर म्हणतात कपड्याने होत नाही, पण माझं मन धजलं नाही. मी येणार नाही. पोरीला टोच. पत्र फाडून टाक."

दिवाळीतला तो खोकला! चिवड्याच्या फोडणीचा ठसका म्हणून आम्ही सगळ्या हसलो होतो. मीच जास्त हसले होते.

पत्र मी फाडलं, बारीक तुकडे केले. ह्यांना सांगितलं नाही, सासरी कळलं असतं. बीजींना तर नाहीच. एवढी बातमी उरात घेऊन मी त्या दोन खोल्यांत बसले होते आणि सांगायला एक माणूस नव्हतं. त्या दिवसाइतकं एकटं मला पुढे कधी वाटलं नाही. पोरीला जवळ घेऊ की नको तेही कळेना. मला झालं असेल तर? मी तोंडाला पदर बांधून तिला पाजलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, चाळीस दिवस व्हायचे होते तरी, तिला त्याच कोऱ्या मलमलीत गुंडाळून मी निघाले. बीजी दारातून ओरडत राहिल्या, "लू लग जाएगी बच्ची को!" स्कूटरवाल्याला, म्हणजे तिकडच्या रिक्षावाल्याला, सांगितलं, धीरे चलाओ भैया. दवाखान्यात तीच सिस्टर. कार्ड पाहून म्हणाली, वज़न ठीक है अब. सुई भरायला वळली. मी म्हणाले, "सिस्टर, कार्ड में गलत लिखा है."

"क्या?"

"मेरी माँ को टीबी है. मैं उनके पास रही थी."

आयुष्यात पहिल्यांदा ते वाक्य मी उच्चारलं ते हिंदीत, एका परक्या बाईपुढे. मराठीत ते आमच्या घरात कुणी कधी उच्चारलंच नाही. मला वाटलं ती मागे सरेल. ती म्हणाली, "अच्छा किया बताया," आणि बाळ माझ्या हातातून स्वतःकडे घेतलं. आधी माझा एक्स-रे, मग डॉक्टर, मग टीका. एक्स-रे काढेपर्यंत पोरगी तिच्या खांद्यावर होती. महिन्याभरात दुसऱ्या कुणी तिला असं खांद्यावर घेतलं नव्हतं.

माझी छाती साफ निघाली. डॉक्टरांनी मुलीला तपासलं, तीही ठीक. डाव्या दंडावर सुई टोचली, मसुराएवढा फुगवटा आला आणि ती किंचाळली. मीही रडले, सिस्टर म्हणाली, "आपको नहीं लगाया."

पुढे महिन्याने ते पिकलं. बीजी हळद घेऊन आल्या, मी लावू दिली नाही, सिस्टरने बजावलं होतं. बीजी रुसल्या, आठ दिवस फिरकल्या नाहीत. मी एकटी त्या फोडाकडे बघत बसायचे. फुटला, खपली धरली, पडली. मग आईला पत्र लिहिलं, "व्रण उठला." एवढंच. माफी मागायची होती, पण ती मागायची तर दुखण्याचं नाव काढावं लागलं असतं, आणि पत्रं घरात सगळे वाचत, तिने मला कळवल्याचं फुटलं असतं.

धाकटीचं लग्न झालं, आईचे उपचार संपले, डॉक्टरांनी बरी झालीस म्हणून सांगितलं, तेव्हा कुठे मी गावी गेले. मुलगी दीड वर्षाची झाली होती. आई ओटीवर उभी होती, तोंडावर पदर. निम्मी झाली होती. मी मुलीला पुढे केलं तर ती दोन पावलं मागे सरली.

"आधी दंड दाखव," म्हणाली.

मी झबल्याची बाही वर केली. आईने वाकून लांबूनच पाहिलं, मग एक बोट पुढे करून व्रणावर टेकवलं. पोरीने भोकाड पसरलं आणि माझ्या गळ्याला मिठी मारली. ओळखच नव्हती तिला.

"रडू दे," आई म्हणाली. "परकी वाटते मी. वाटणारच." आणि आत गेली.

दुपारी मुलगी झोपल्यावर आईने फडताळातून एक घडी काढली. हिरव्या इरकलीचं दुपटं, चार पदरी, बारीक टाके. "दुखणं कळायच्या आधी शिवलं होतं," ती म्हणाली. "मग तीनदा उकळलं. उन्हात किती वेळा घातलं त्याला गणती नाही. तरी पाठवायचा धीर झाला नाही." ते तिने माझ्या हातात दिलं, स्वतः मुलीजवळ गेली नाही.

मी ते पोरीच्या अंगावर पांघरलं. ते छातीपासून गुडघ्यापर्यंतच आलं. गुडघ्याखालचे पाय उघडेच राहिले. आई दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "तुझं बाळंतपण राहिलं गं माझ्याकडून."

मी दुपटं खाली ओढून पाय झाकायला बघत होते. वर ओढलं की पाय उघडे, खाली ओढलं की दंड उघडा.